हिवरगव्हाणचं बाळंतपणाचं टेबल

भुजंगराव तांगड्यांना नको तिथं 'का' विचारायची खोड होती. एसटीचा कंडक्टर तिकिटाला भोक नेमकं तिथंच का पाडतो, तेराव्याचं जेवलेला माणूस हात धुतले की लगेच का उठतो, असलं काहीबाही. त्यांची बायको गिरिजाबाई म्हणायची, "तुमच्या जिभेला एक दिवस कुलूपच घालते मी." अशा माणसाला सरकारनं कुठं बसवावं? तर आकड्यांत. विस्तार अधिकारी, सांख्यिकी. ज्याचा कुणालाच उपयोग नाही त्याला मोजायला बसवतात, असं ऑफिसातले लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि भुजंगराव हसायचे.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये साहेबांनी त्यांच्यापुढं एक फाईल सरकवली. हिवरगव्हाणचं आरोग्य उपकेंद्र, दुरुस्ती आणि नूतनीकरण, खर्च तीन लाख बारा हजार. काम होऊन दोन वर्षं झाली होती. सोबत तेवीस रकान्यांचा फॉर्म होता आणि शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं, 'झालेला खर्च योग्य / अयोग्य. नको तो शब्द खोडावा.'

"योग्य खोडा," साहेब म्हणाले. "ती खोली बंद करून टेबल, पंखा, उपकरणं दुसऱ्या गावाला हलवायचीत. वरून तोंडी आलंय. मार्च संपायच्या आत कागद पाहिजे."

भुजंगरावांनी फाईल उघडली आणि त्यांची खोड जागी झाली. दुरुस्तीच्या आधीच्या वर्षी तिथं एक्केचाळीस बाळंतपणं झाली होती. दुरुस्तीनंतरच्या दोन वर्षांत मिळून दोन.

पैसे खाल्ल्याचं प्रकरण असतं तर भुजंगराव मुकाट्यानं शब्द खोडून घरी गेले असते. त्यात नवल ते काय? पण पत्रे गळत होते तेव्हा बायका आल्या आणि खोली लख्ख झाली तेव्हा फिरकल्या नाहीत, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते तीर्थपुरीला उतरले आणि तिथून एका टेम्पोत बसून चौदा किलोमीटर आत गेले.

उपकेंद्राच्या ओट्यावर पुष्पाबाई सिस्टर उभीच होती. पन्नाशीला टेकलेली, पांढरं पातळ, आणि आवाज असा की गावाच्या वेशीवर शिंकणाऱ्यालाही तिथूनच दटावेल.

"कुलूप लावायला आलात ना?" ती म्हणाली.

"आधी बघायला आलोय," भुजंगराव म्हणाले.

"बघा. फुकट आहे बघणं."

खोली खरोखर देखणी होती. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, खालपासून छातीपर्यंत तशाच भिंतीला. वर पंखा, कोपऱ्यात मोरी, दोन मोठ्या खिडक्या, एक दक्षिणेला आणि एक मावळतीला. मधोमध बाळंतपणाचं टेबल, चारही पाय सिमेंटात पक्के. भुजंगरावांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून भिंत ठोकली. कुठंही पोकळ वाजली नाही. नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, खाली बसून टाइल्सच्या सांध्यावरून नख फिरवलं. दर जास्त लावलेला नव्हता, माल हलका नव्हता. सरकारी कामात इतकं सरळ काम त्यांनी आयुष्यात दुसरं बघितलं नव्हतं. 'फरशीची स्थिती' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'उत्तम. एकही ओरखडा नाही.'

"काम कुणी केलं?"

"महेबूब मिस्त्रीनं. इथलाच आहे," पुष्पाबाई म्हणाली. मग तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साहेब, सत्त्याऐंशी साली सोनूबाई म्हणून एक बाई माझ्या मांडीवर गेली. पावसात खोलीत बाळंतपण करण्यासारखं नव्हतं म्हणून तीर्थपुरीला चालवली होती, बैलगाडीत. नाल्याला पाणी होतं. ह्या काठाला तीन तास थांबलो. त्यानंतर ह्या खोलीसाठी मी सतरा अर्ज केले. तीन वर्षं चपला झिजवल्या. आणि आता खोली आहे, तर एक बाई येत नाही. घरी सुईणीकडून करून घेतात. गेल्या पावसाळ्यात आणखी एक गेलीच असती. तुम्ही कुलूप लावलंत तर पुढची जाईल."

तिला राग आला होता का रडू येत होतं हे भुजंगरावांना कळेना. बहुतेक दोन्ही.

"पण का येत नाहीत?"

"अडाणी आहेत म्हणून! दुसरं काय?"

हे उत्तर भुजंगरावांना पटलं नाही. एक्केचाळीस आल्या होत्या तेव्हा त्याच बायका काय शहाण्या होत्या?

मग त्यांनी रजिस्टर मागवलं. दोन वर्षांतली ती दोन नावं बघितली. रजिया अजमत आणि बदरुन्निसा हाशम. एक महेबूब मिस्त्रीची सून, दुसरी माहेरी आलेली लेक. भुजंगरावांच्या मनात पाल चुकचुकली. मिस्त्रीनं आपलं काम गाजावं म्हणून घरच्याच बायका पाठवून आकडा फुगवला की काय? पण आकडा फुगवणारा माणूस दोनवर कशाला थांबेल? तो चाळीस करील. म्हणजे ह्या दोघी खरंच आल्या होत्या. मग ह्याच का आल्या?

ते गावात हिंडले. चहाच्या टपरीवर कडूबानं कप विसळत सांगितलं, "बायांचं बायांना ठाव, साहेब. आमी त्यात पडत न्हाई." दुसरा म्हणाला, "पांढरी फरशी लई गार लागती म्हनून असंल." तिसरा म्हणाला, पंखा अंगावर पडेल ह्या भीतीनं. हापशावर चार बायका होत्या, त्यांना विचारायला गेले तर चौघींनी पदर ओढले आणि घागरी अर्ध्याच भरून निघून गेल्या. परका बाप्या येऊन बाळंतपणाची चौकशी करतो म्हटल्यावर दुसरं काय करतील? फक्त एक म्हातारी जाता जाता पुटपुटली, "सिस्टर लई वरडती."

भुजंगरावांनी तेही लिहून घेतलं. पण सिस्टर तर तेव्हाही ओरडतच असणार. आवाज काही दुरुस्तीत नवा बसवलेला नव्हता.

दुपारी सरपंच रामरावांनी त्यांना जेवायला नेलं. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, वर लोणी. घरात रामरावांची सून बेबीनंदा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. ती सावकाश चालत ताट आणून ठेवायची आणि आत जायची. भुजंगरावांनी तिला काही विचारलं नाही. एवढी अक्कल त्यांना होती. पण रामरावांना त्यांनी विचारलं, "सूनबाईंचं कुठं करणार?"

रामराव घुटमळले. गावचा सरपंच, खोलीच्या उद्घाटनाला यांनीच नारळ फोडलेला. "आई सांगंल तसं," ते म्हणाले आणि आमटी वाढून घ्या म्हणून आग्रह करू लागले.

जेवणावर ऊन असं चढलेलं की डोळे आपोआप मिटत होते. रामरावांनी ओसरीवर बाज टाकली. भुजंगरावांनी टोपी उशाला ठेवली आणि अंग टाकलं. पाठ टेकते न टेकते तोच आतून रामरावांच्या आईचा, तुळजाबाईंचा आवाज आला.

"आरं रामा! साहेबाला सांग की. पाय तिकडं करून निजू नगं म्हनावं. आपल्या घरात."

भुजंगराव खजील झाले. आपण कुठल्या दिशेला आडवे झालो ते त्यांनी बघितलंच नव्हतं. पाय दक्षिणेला. लहानपणापासून आईनं ह्या एका गोष्टीसाठी किती टपल्या मारल्या होत्या! ते उठले, बाजेचा एक पाय धरून फिरवू लागले आणि अर्ध्यातच थांबले. बाज तिरकी, हात पायाला धरलेला, आणि साहेब पुतळ्यासारखे उभे. रामरावांना वाटलं ऊन लागलं.

"रामराव," भुजंगराव म्हणाले, "तुमच्या त्या खोलीत टेबलासमोरची खिडकी दक्षिणेची ना?"

"व्हय."

"आणि टेबलावरची बाई पाय कुणीकडं करते?"

रामरावांची नजर आत वळली. तुळजाबाई दाराच्या चौकटीपाशी येऊन बसली. हातात निवडायचं सूप होतं, पण ती निवडत नव्हती.

"कुनी तरी इचारलं म्हनायचं," ती म्हणाली. "साहेब, आमी त्येचं नाव घेत न्हाई. घरात दिवसाची बाई हाय. पन तुमीच सांगा. पांढऱ्या फरशीवर, पांढरी चादर टाकून, पाय दक्षिनेला करून आपुन मानसाला कवा निजवतो?"

दोन वर्षांपूर्वी भुजंगरावांनी स्वतःच्या वडलांना असंच निजवलं होतं. सकाळी त्याच टेबलाभोवती ते तीनदा फिरले होते, रुपया वाजवत, आणि त्यांना काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. माल तपासायला गेलेल्या माणसाला मालच दिसतो.

"मग सिस्टरला का नाही सांगितलं?"

"काय सांगावं? तोंड उघडलं की अडानी म्हनती. आन् सांगायचं म्हंजी नाव घ्यावं लागतंय. पोटुशी बाईपुढं ते बोलायचं का?" तुळजाबाई सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकत म्हणाली. "त्यापरीस घरीच बरं."

बाजेवरची झोप उडाली ती उडालीच. रामरावांना सोबत घेऊन भुजंगराव भर उन्हात उपकेंद्रावर आले. कपाटातल्या फाईलमधून मूळ नकाशा काढला, बाळंतपणाच्या टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. नकाशात टेबल दक्षिणेकडं नव्हतंच. इंजिनिअरनं पायाची बाजू मावळतीच्या खिडकीकडं दाखवली होती. मग फिरवलं कुणी?

महेबूब मिस्त्रीला निरोप गेला. तो आला तो अंगावर चुन्याचे शिंतोडे घेऊनच, कुठं तरी गिलावा करत होता. साठीचा माणूस. टेबलाकडं बघून त्याचा चेहरा आधी खुलला, मग नकाशा बघून उतरला.

"म्याच फिरवलं, साहेब," तो म्हणाला.

"का?"

"उधर काबा हाय. मावळतीकडं. त्या बाजूला पाय करून आमी झोपत बी न्हाई. मंग बाईमानसाला तसं निजवायचं? तवा माझी सून दिवसाची व्हती. म्हनलं, आमची घरं सहा का असंनात, पन अल्लाकडं पाय करून लेकरू कसं जनमाला घालावं? ओवरसियर साहेब पंधरा दिवसांतनं एकदा यायचे. म्या गुपचूप चौथाई फिरवलं न् बसवून टाकलं. तिकडं बी खिडकी व्हती, उजेड बराबर येत व्हता." मग न राहवून त्यानं टेबलाला धक्का देऊन दाखवला. "पन काम बिलकुल पक्कं हाय, साहेब. दहा मानसं लावा, हलनार न्हाई."

"महेबूब," रामराव म्हणाले, "आरं, दक्षिनंला!"

"काय दक्षिनंला?"

रामरावांनी नाव न घेता, हातानं फक्त खूण केली. महेबूबला ती कळायला थोडा वेळ लागला. कळली तसा तो टेबलाच्या पायाशी खाली बसला.

"या अल्ला," तो म्हणाला. "चाळीस साल झाले, गावातल्या एकेका मयतीला गेलो. खांदा दिला. पन पाय कुनीकडं ठिवत्यात हे कवा बघितलंच न्हाई. मयतीत मानूस खाली मान घालून उभा ऱ्हातो, साहेब."

"आन् आमाला मावळतीचं ठाव न्हवतं," रामराव म्हणाले. "तुज्या घरी ईदीला किती येळा जेवलो असंल मी."

एका गावात, एका ताटात जेवलेली माणसं, आणि निजताना पाय कुणीकडं करतात एवढं एकमेकांचं माहीत नाही. भुजंगरावांना ह्याचं फार नवल वाटलं आणि थोडं वाईटही.

इतका वेळ पुष्पाबाई खिडकीला टेकून उभी होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज ओळखू येईना.

"जुन्या खोलीत लोखंडी खाट होती. बाई आली की तिची सासू, आई मिळून खाट ओढायच्या. कुणी इकडं, कुणी तिकडं. फरशीवर नुसता कर्रर्र कर्रर्र आवाज. माझ्या डोक्यात जायचा तो. मला वाटायचं, वरून गळतंय म्हणून कोरडी जागा शोधतात." तिनं टेबलाच्या सिमेंटातल्या पायांकडं बघितलं. "मीच लिहिलं होतं, साहेब. सतराच्या सतरा अर्जांत. 'टेबल हलणार नाही असं जमिनीत पक्कं बसवावं.'"

इंजिनिअरला कागद दिसला, महेबूबला मावळत दिसली, सिस्टर पायाशी उभी राहायची म्हणून तिला फक्त खिडकी आणि उजेड दिसला. आणि जिला तिथं निजायचं तिला कुणी विचारलं नाही. तीन लाख बारा हजारांत सगळं आलं होतं, एक खाट ओढायची मुभा तेवढी गेली होती.

"उत्तरेला पाय करून बसवलं तर?" भुजंगराव म्हणाले. "उत्तर कुणालाच वर्ज्य नाही."

"उत्तरेला दार आहे," पुष्पाबाई म्हणाली. "दार उघडलं की ओट्यावरचे पुरुष सरळ समोर."

"उगवतीला?"

"तिकडं मोरी न् भिंत. मी उभी कुठं राहू?"

महेबूब जमिनीवर बसल्या बसल्या टेबलाच्या पायाभोवतीच्या सिमेंटावर बोट फिरवत होता. "पक्कं कशाला करायचं पुन्यांदा?" तो म्हणाला. "मोकळंच करून टाकू की. ज्याला जसं पायजे तसं ओढा."

"टाइल्सचा सत्यानाश होईल," पुष्पाबाई सवयीनं म्हणाली, आणि मग तिनं स्वतःच जीभ चावली.

सरकारी मालमत्तेत विनापरवानगी बदल, हे भुजंगरावांना माहीत नव्हतं असं नाही. पण फॉर्मच्या तेवीस रकान्यांत टेबलाच्या पायांबद्दल एकही रकाना नव्हता, आणि जे विचारलेलं नाही ते सांगायची आकडेवाल्यांना सवय नसते. दुसऱ्या दिवशी महेबूबनं छिन्नी-हातोडा आणला आणि स्वतःच बसवलेलं, दहा माणसांना न हलणारं काम अर्ध्या दिवसात मोकळं केलं. चार खड्डे नव्या टाइल्सच्या तुकड्यांनी बुजवले. मजुरी घेतली नाही. "गलतीचे पैसे घेत न्हाई," म्हणाला.

भुजंगरावांनी ऑफिसात 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारून पंधरा दिवस मागून घेतले. साहेब वैतागले. "तांगडे, तुम्हाला एक शब्द खोडायला पाठवलं होतं."

आता इथं एखाद्या गोष्टीत बायकांची रांग लागली असती. तशी लागली नाही. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एक आली होती, ओट्यापर्यंत, आणि दारातून टेबलाकडं बघून परत गेली. दोन वर्षांची भीती चार पाय मोकळे केले म्हणून पळत नसते. भुजंगराव घरी गिरिजाबाईंना रोज तेच सांगायचे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या सिस्टरनं कुणाला तोंडानं सांगितलं का, की या म्हणून? का टेबलच सांगणार?"

भुजंगरावांनी ते एका पोस्टकार्डावर लिहून हिवरगव्हाणला टाकलं.

मुदतीचा शेवटचा दिवस तीस मार्च. सकाळच्या टेम्पोनं भुजंगराव पोचले तेव्हा खिशात फॉर्म होता, आणि आज शब्द खोडल्याशिवाय परत जाता येणार नव्हतं. रजिस्टरमध्ये नवीन नाव नाही. पुष्पाबाईंनी पोस्टकार्ड मिळाल्याचं सांगितलं.

"गेले होते मी. घरोघरी," ती म्हणाली. "रामरावांच्या आईपुढं बसले. म्हटलं, मावशी, माझं चुकलं. मला सांगत जा. म्हातारीनं चहा पाजला. हो नाही, नाही नाही."

"मग?"

"मग काय? लिहा तुमचं."

भुजंगराव बाहेर लिंबाखाली येऊन बसले. महेबूबही तिथं आला. मिस्त्रीचा त्या कागदाशी काय संबंध, पण त्यालाही घरी बसवेना. भुजंगरावांनी फॉर्म मांडीवर घेतला, पेन उघडलं. एकवीस रकाने भरले. 'खर्च निष्फळ असल्यास जबाबदार व्यक्तीचे नाव' इथं एकच नाव मावेल एवढी जागा होती. ती त्यांनी तशीच सोडली. शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि एवढ्यात रस्त्यानं गलका ऐकू आला.

रामरावांची बैलगाडी. आत बेबीनंदा, तिला धरून तुळजाबाई, आणि मागं पळत येणारे रामराव. बेबीनंदा कळांनी घामाघूम झालेली. बायकांनी तिला धरून आत नेलं. पुरुषांपुढं दार लागलं. भुजंगराव, महेबूब आणि रामराव तिघंही ओट्याच्या खाली, अवघडून उभे. आतलं काही दिसायचं कारण नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं, कारण सिस्टरचा आवाज सिस्टरचाच.

"थांबा. आधी सांग बाई, पाय कुणीकडं करू तुझे?"

आयुष्यात पहिल्यांदा पुष्पाबाईंनी कुणाला असं विचारलं असेल. मग बेबीनंदा जीव खाऊन ओरडली, "कुनीकडं बी करा वो बाई, पन जल्दी करा!"

ओट्याखाली रामरावांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"तिचं काय ऐकता," तुळजाबाईंचा आवाज आला. "उत्तरेला घ्या. दार लागलेलंच हाय, आन् वरनं चादर बांधू. मी धरते इकडनं. सिस्टर, तुमी बी धरा की!"

आणि मग तो आवाज आला. कर्रर्र. पांढऱ्याशुभ्र, एकही ओरखडा नसलेल्या टाइल्सवरून लोखंडी पाय ओढल्याचा. अंगावर शहारे आणणारा, दात आंबवणारा आवाज. तीन लाख बारा हजार खर्चून बंद केलेला. महेबूबनं डोळे मिटले. स्वतःच्या हातानं बसवलेल्या टाइल्स त्या, त्याला दुखलंच असणार. पण तो म्हणाला, "ओढा, बाई, ओढा."

दीड तासानं आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. तुळजाबाई बाहेर आली, तिनं तिघांच्याही हातावर गूळ ठेवला आणि मावळतीकडं बघून महेबूबला म्हणाली, "तुज्या लेकीला सांग, फुडच्या टायमाला तिला पायजे तसं फिरवून घे म्हनावं. मी येते धरायला."

भुजंगराव सांख्यिकीचे. एका बाळंतपणावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना झोपेतही माहीत होतं. म्हणून त्यांनी शेवटच्या रकान्यातला कुठलाच शब्द खोडला नाही. खाली लिहिलं, 'निष्कर्षास नोंदी अपुऱ्या. एक वर्ष थांबून पुन्हा तपासणी करावी. तोवर काहीही हलवू नये.' साहेब कडाडले, चार दिवस बोलले नाहीत, पण लेखी शेऱ्याविरुद्ध तोंडी हुकूम चालवायची हिंमत कुणाची झाली नाही. फाईल कपाटात गेली आणि खोली उघडी राहिली.

वर्षानं भुजंगराव पुन्हा गेले. रजिस्टरमध्ये सदतीस नावं होती. त्यांनी ती दोनदा मोजली, सवयीनं. खोलीत गेले आणि दारातच थांबले. त्या लख्ख टाइल्सवर इकडून तिकडं, आडवे, उभे, तिरके, गोल फिरलेले काळे ओरखडे पडले होते. मधल्या दोन टाइल्सना तडे गेलेले. जुनी खोली बरी दिसेल, असा तिचा अवतार. भुजंगराव खाली बसले आणि एका ओरखड्यावरून त्यांनी नख फिरवलं. उत्तरेकडं जाणारे सगळ्यात जास्त होते. पण मावळत टाळून दक्षिणेला वळलेलेही तीन-चार होते.

"फरशीचं तेवढं खराब लिहू नका, साहेब," पुष्पाबाई मागून म्हणाली. "वरचे म्हणतील, नर्सनं जपलं नाही. मी घासून बघितलं, निघत नाहीत."

"घासू नका," भुजंगराव म्हणाले.

त्यांनी फॉर्म त्याच टेबलावर ठेवला. टेबल जरा हललं, त्यांनी एका हातानं धरलं. 'फरशीची स्थिती' यापुढं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'खराब. सर्वत्र ओरखडे.' मग तेविसाव्या रकान्यावर आले, 'अयोग्य' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, आणि सही केली.